तिसरी माळ

तिसरी माळ हातात घेतली आणि लायल अडला.

समोर एल्वुड खाली मान घालून बसला होता. कालच त्याच्या बायकोचा, रीवाचा, दहावा झाला होता. ज्याच्या घरचं माणूस जातं त्याचं दुःख समोरच्या बाजूला बसणाऱ्या कुळांनी येऊन हलकं करायचं, ही लाँगहाऊसची, जमातीच्या लांबट सभाघराची, रीत. शिंपल्याच्या मण्यांच्या तीन माळा आणि प्रत्येकीचं एक ठरलेलं बोलणं. पहिलीने डोळे पुसायचे, दुसरीने कान मोकळे करायचे, तिसरीने घसा. तोवर त्याने चारचौघांत काही सांगायचं नाही. ढगाळलेल्या मनाचं बोलणं धरत नाहीत.

आणि आज तर एल्वुडनेच बोलायचं होतं. शंभर वर्षं परक्यांच्या संग्रहालयात पडलेला वाम्पमचा, म्हणजे शिंपल्याच्याच मण्यांत जुनी हकीकत विणलेला, पट्टा घरी आला होता, मधल्या टेबलावर पसरला होता. पांढऱ्या मण्यांत जांभळी माणसं, हातात हात धरून उभी. पाहणाऱ्याला नक्षी वाटावी. पण एका जागी दोघांचे हात सुटलेत ते का, हे सांगणारा एकटा एल्वुड उरला होता. त्याला ब्याऐंशी वर्षं झाली होती, आणि गेल्या हिवाळ्यापासून नातवंडांची नावंही निसटत होती. आज ऐकलं नाही तर पट्टा कायमचा मुका होईल, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तिसऱ्या माळेचं बोलणं एल्वुडला तोंडपाठ होतं. चाळीस वर्षं त्याने ते दुसऱ्यांसाठी म्हटलं होतं. एक शब्द पुटपुटला असता तर काम झालं असतं. पण आपले डोळे आपणच पुसायचे नसतात. तो ओठ घट्ट मिटून बसला. त्याला लायलचा राग आला, मग कीव आली.

"येतंय काका, जरा थांबा," लायल हळूच म्हणाला. "मावशीने दहादा घोटून घेतलं होतं."

लायल रीवाच्या बहिणीचा मुलगा; कूळ आईकडून चालायचं, म्हणजे तिच्याच कुळातला. अडल्यावर त्यांच्यातला प्रत्येक जण करायचा तेच त्यानेही केलं. बायकांच्या बाकाकडे पाहिलं. तिथे खिडकीपाशी रीवा बसायची आणि नुसते ओठ हलवून शब्द पुरवायची. पुरुषांचं पाठांतर आमच्या ओठांवर चालतं, असं ती घरी एल्वुडला चिडवायची.

लायलपाठोपाठ अख्खी बाजू तिकडे वळली. एल्वुडही वळला, मदत आता येईल अशा भरवशाने.

खिडकीपाशी कोणी नव्हतं.

दहा दिवसांत एल्वुडच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. लोक म्हणत होते, म्हातारा दगडाचा आहे. आता तो हुंदके देऊन रडू लागला, आणि ते काही केल्या थांबेना. लायलने माळ पुढे धरली. त्याने घाईघाईने आठवेल तसं बोलायला तोंड उघडलं.

लायलच्या कुळाची वडीलधारी, म्हातारी व्हेल्मा, काठी टेकत उठली.

"ठेव ती माळ."

"पण आजी, पट्टा..."

"पट्टा राहू दे," ती म्हणाली. "पहिल्यापासून घे, बाळा. मघाशी तू कोरडेच डोळे पुसलेस."