एका पानाचे चार पत्ते

धनेश ही गोष्ट लिहिणारच नव्हता. दोनदा टाईप केलं, दोनदा पुसलं. शेवटी सगळ्यांची नावं बदलली, स्वतःचंही, आणि लिहिलं.

कर्जत स्टेशनाजवळ त्याचा वेबसाईट बनवायचा गाळा. समोर कमलेश बसलेला, चहा कधीचा गार झालेला. स्क्रीनवर कमलेशच्या बायकोचा, हर्षलाचा फोटो. वर लाल अक्षरात 'बेपत्ता'. गणपतीत घरातून गेली ती गेलीच. फोटोत डावा हात प्लास्टरमध्ये.

"दुसरा फोटो नव्हता?"

"हाच नवा हाय. मोरीत पडलेली." कमलेशनं कप बाजूला सारला. "ते सोड. गूगलवर तिचं नाव टाकलं तर पान दिसत का नाय?"

"एकच पान चार पत्त्यांवर उघडतंय. एक पुढं तीन डब्ल्यू लावून, एक न लावता. एकाच्या शेवटी तिरकी रेघ, एक कॅपिटलमध्ये. लोकं हाताला येईल तो फॉरवर्ड करतात. सर्चला वाटतं चार येगळी पानं हायत. मग एकबी वर येत नाय."

"मग एक ठेव आन बाकीचे तिकडं वळव. पनवेलला एक वेबसाईटवाला पोरगा हाय, तो म्हणाला, अर्ध्या तासाचं काम हाय."

"मी यूट्यूबवर शिकलोय रं. वेळ लागतो."

"शाळेतली मैत्रीण म्हणून लग्नात तिच्याकडनं नाचलास ना? तेवढं तरी मनावर घे."

कमलेश रोज ड्युटी सुटली की यायचा, पान किती जणांनी बघितलं ते विचारायचा. डोळे झोप नसल्यासारखे. पोशीरमधली, त्याच्या गावची माणसं त्याच्यासाठी हळहळायची.

"कुठंतरी काम मागायला जाईलच ती," कमलेश म्हणाला. "मालक नाव टाकून बघंल. पान दिसलं, फोन आला, की मी निघालो."

"मग?"

"मग काय. घरी आणायची." त्यानं बोटं मोडली. "सोमवारपर्यंत वर आलं नाय तर पासवर्ड दे. त्या पोराला देतो."

"बघतो. आज त्या कामाला बसतोच."

कमलेश गेला. धनेशनं शटर अर्धं ओढलं, सेटिंग उघडली आणि टाईप करत बसला. काम उरकल्यावर बाईक काढून थेट खोपोली गाठली.

कारखान्यामागच्या चाळीत, शेवटच्या दाराशी त्यानं हळूच आपलं नाव सांगितलं. आतली कडी निघायला वेळ लागला. कारण कडी काढणारीचा डावा हात अजून नीट वळत नव्हता.

"आलेला काय तो?" हर्षलानं विचारलं. "इथं कॅन्टीनवाल्यानं आज आधारकार्ड मागितलंय. नाव टाकून बघंल रं तो."

"बघू दे," धनेश म्हणाला. "आज पाचवा पत्ता करून आलोय. मी हाय तवर त्या पानाचा एक पत्ता होऊ देणार नाय गं."