धरायचा दांडा
समाधानला बापासाठी कधी सवड झाली नाही, पाहुण्यांसाठी मात्र बरी झाली, हे अक्काबाईच्या घशाखाली उतरत नव्हतं. अंगावरून वारं गेलेला म्हातारा वर्षभर मागल्या दारच्या संडासात भिंतीला तळवा टेकून कसाबसा उठायचा. कमोड बसव म्हटलं, की लेक बारामतीहून फोनवर म्हणायचा, “बघू की.” आता म्हाताऱ्याच्या तेराव्याला सुनेच्या माहेरची माणसं बावड्याला येणार, म्हणून त्यानं प्लंबर आणला होता. कमोड बसवून झाल्यावर प्लंबरनं स्टीलचा दांडा पुढं केला. “अक्का, धरायला हा किती उंचीवर लावू?” “राहू द्या,” समाधान म्हणाला, “आता कुणाला लागतोय?” अक्काबाईनं भिंतीवर म्हाताऱ्याच्या तळव्याचा पडलेला काळा डाग दाखवला. “हितं लावा.” मग लेकाला म्हणाली, “तू बापाच्याच उंचीचा हायस. तुझ्या लेकाला सवड नसंल, तवा तुझा बी हात बरोबर हितंच येईल.”