रविवारचा धडा

"हिरवं बटण दिसतंय का, आई?" यानिनाने तिसऱ्यांदा विचारलं.

झुल्माने घरातल्या जुन्या फोनचा रिसीव्हर कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून धरला होता. हातात लेकीने माद्रिदहून पाठवलेला मोबाइल.

"दिसतंय की. दाबू?"

"थांब! आधी वाय-फाय चालू आहे का बघ."

"म्हणजे तेच ना, इंटरनेट?"

"नाही गं! मागच्या रविवारी सांगितलं होतं. इंटरनेट नळाच्या पाण्यासारखं. रस्त्यावरून तारेतून आपल्या राउटरच्या डब्यापर्यंत येतं. डब्यापासून तुझ्या फोनपर्यंत हवेतून येतं, ते वाय-फाय."

"आणि मी बाजारात गेले तर? डबा डोक्यावर घेऊन जाऊ?"

यानिना खळखळून हसली. झुल्माने डोळे मिटून ते हसू ऐकलं. नवरा आउरेलिओ गेल्यापासून पायसांदू शहरातल्या या घरात हसणारं दुसरं कुणी नव्हतं.

"बाहेर मोबाइलचा टॉवर असतो, आई. तो पुरवतो."

"असं होय. अन् तिकडे थंडी कशी आहे? जेवलीस का?"

"विषय बदलू नकोस. दहा महिने झाले शिकवतेय! तुझ्या वयाच्या बायका नातवंडांना फोटो पाठवतात. एकदा का तुला जमलं ना, की हा तास-तासभर फोन नको. तू मेसेज टाकायचास, मी सवडीने बघेन."

झुल्माचा अंगठा मोबाइलच्या कडेच्या बटणावर गेला.

"अगं बाई, दाबलं मी काहीतरी. सगळं काळं झालं."

"आई! ते बंद करायचं बटण!"

"डोकंच चालत नाही बघ माझं. पुढच्या रविवारी पहिल्यापासून सांगशील?"

पलीकडे मोठा उसासा. "सांगते. तीनलाच करते फोन. जप स्वतःला."

रिसीव्हर ठेवला तरी कान बराच वेळ गरम होता. घर पुन्हा गप्प झालं. झुल्माने तोंडावर पाणी मारलं, पायात चपला सरकवल्या आणि दोन गल्ल्या ओलांडून ती पेन्शनरांच्या क्लबात गेली. लांब टेबलाशी अकरा म्हातारी माणसं आपापले फोन पुढ्यात घेऊन बसली होती.

"या, झुल्माबाई," नावाडी नेपोमुसेनो म्हणाला. "आम्हाला वाटलं, आज तास बुडाला."

झुल्माने फळा पुसला, खडू उचलला.

"बुडेल कसा? चला, आज व्हिडिओ कॉलवर एकदम चार माणसं कशी जोडायची, ते शिकवते."