नंदीशच्या बाटल्यांवरचं अक्षर

बायको मल्लम्मा ओसरीत कोसळली अन् गेली, असा फोन आला तेव्हा बसप्पा सास्तूरच्या हातपंपावर तपासणीसाठी पाण्याचा नमुना घेत होता. त्याचं अक्षर प्रयोगशाळेत कुणाला लागत नसे, म्हणून बाटल्यांवरची गावांच्या नावांची लेबलं मल्लम्माच घरी बसून महिन्याची एकदम लिहून द्यायची.

पंधरा दिवसांनी तो कामावर परतला, तर सोबतच्या नंदीशच्या बाटल्यांवर तेच गोल, ठसठशीत अक्षर. तरणाबांड, बिनलग्नाचा पोरगा. बायकोनं ह्याचीही लेबलं लिहावीत अन् आपल्याला पत्ता नसावा? चार दिवस बसप्पा आतल्या आत जळला. पाचव्या दिवशी म्हणाला, "लेबलं तुझ्या मायनं लिहिली का रं?"

"न्हाय अण्णा, अक्कांनी. वर्षभर त्याच लिहून देत होत्या."

"फुकट?"

नंदीशनं मान खाली घातली. "तुमचा गुडघा दुखतो, म्हणून लांबची गावं म्या करायची अन् त्या माझी लेबलं लिहिणार, असं ठरलं होतं. तुम्हाला सांगू नको म्हणाल्या."

जवळची गावं आपल्याला नोकरीतल्या मानानं मिळतात, असं बसप्पा आजवर सगळ्यांना ऐटीत सांगत आला होता.

"उरलेली लेबलं हिकडं दे," तो म्हणाला. "ती गावं म्याच करतो."

बाकीची गावं झाली. तिच्या हातच्या शेवटच्या लेबलाचं गाव तेवढं अजून राहिलं आहे.