टबाच्या तळाशी

साहेब, हवा मोजायला आलात तेव्हा तुम्ही यंत्र उभ्या माणसाच्या नाकापाशी धरलंत आणि "मर्यादेत आहे" म्हणून निघून गेलात. बाथटबचा जुना रंग काढणारा माणूस उभा असतो कधी? तो गुडघ्यांवर बसून डोकं टबात घालतो, आणि रंग सोडवणाऱ्या रसायनाची जड वाफ तिथंच साठते.

भाडेकरूंना वास नको म्हणून आज आम्ही बाथरूमचं दार लावून घेतलं होतं. माझा जोडीदार वेंडेल आत रंग खरवडत होता. मी बाहेरून ओरडलो, "वेंडेल, बाहेर ये, जरा हवा खा!"

"तुम्हा मिशिगनवाल्यांची नाकंच नाजूक!" मी मिशिगन राज्यातला, म्हणून मला चिडवत तो आतून हसला.

मग खरवडण्याचा आवाज थांबला. मी दार ढकललं. तो तसाच गुडघ्यांवर, डोकं टबात.

"वेंडेल! शिवी घाल हवं तर, पण ओ दे!"