पहिल्या सुरकुत्या

"तोंडावर सुरकुत्या पडल्या, की मगच माझ्यामागे यायचं. त्याआधी नाही. वचन दे!" सासूबाईंना नवऱ्याने शेवटच्या आजारात असं बजावलं होतं, आणि त्यांनी नवऱ्याच्या हातावर हात ठेवून ते वचन दिलं होतं.

वीस वर्षांनी, एका सकाळी जप आटोपून त्या आरशासमोर गेल्या, तर ओठांच्या कडेला दोन सुरकुत्या ठसठशीत दिसल्या. मग त्या इस्त्रीची साडी नेसल्या, नवऱ्याच्या फोटोला नमस्कार केला आणि पुटपुटल्या, "चला, आता निघायलाच हवं."

सुनेच्या हातातलं भांडंच पडलं. "आई, भलतंसलतं बोलू नका! कुठे निघालात?"

"गालात इंजेक्शन घ्यायला. टीव्हीवर त्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, कातडी आतून ताणली, की सुस्तावलेल्या म्हाताऱ्या पेशींना वाटतं आपण अजून तरुणच आहोत, आणि त्या पुन्हा कामाला लागतात."

"अहो, पण या वयात? कुणासाठी?"



"यांच्यासाठीच गं. दिलेला शब्द मोडायचा नाही, आणि मला एवढ्यात जायचंही नाही," असं म्हणत सासूबाईंनी चपला घातल्या आणि दार हळूच ओढून घेतलं.