बिनभोकाचा मणी

हिरासिंगांनी काचेचा मणी चिमटीत धरून फिरवला आणि विचारलं, "याला भोक कुठंय?"

"न्हाई. पाडलेलंच न्हाई," मिना म्हणाली.

सिद्धेश्वर धरणालगतच्या तांड्यात हिरासिंग मुलाला घेऊन तिला बघायला आले होते. बंगळूरच्या प्रयोगशाळेत पोरगी नेमकं करते काय, हे त्यांनीच विचारलं, म्हणून तिने पहिला जमलेला नमुना बशीत ठेवला. तुरीच्या दाण्याएवढा, नितळ. खालून वायूचा झोत सोडून तिने तो अधांतरी तरंगवला होता, वरून लेसरने वितळवला होता आणि तसाच हवेत निववला होता. ही काच भांड्यात होतच नाही. भांड्याला टेकली की पाकात साखर धरावी तसे तिच्यात खडे धरतात. कित्येक महिने मिनाच्या हाती नुसते खडेच लागले होते. या मण्याने आता कुठे तिची लाज राखली होती.

"म्हंजे माळेत बसंना!" हिरासिंग हसले. "लग्नानंतर हे बंद. आमचा ओमप्रकाश हिंगोलीत नोकरीला हाय, सून बंगळूरला काहून?"

ओमप्रकाश चहाच्या कपात काही सापडतंय का, ते बघत राहिला.

मिनाच्या डोक्यात सणक गेली. "हे बंद व्हणार न्हाई, काका. लग्न न्हाई झालं तरी चालंल."

तशी तिची आई पारुबाई उठली. मिनाला धडकीच भरली. हे स्थळ आईनेच आणलं होतं, आणि मिना घरी आल्यापासून "जरा नमतं घे" म्हणून आईनेच तिचे कान किटवले होते. पारुबाईने हिरासिंगांच्या हातातून मणी घेतला. फळीवरची सुई काढली. पाहुण्यांसमोरच मणी स्वतःच्या ओढणीच्या काठावर ठेवला आणि त्याच्याभोवती धाग्याचे फास टाकत गेली. तिच्या अंगातल्या कांचळीवर, म्हणजे चोळीवर, आरसेच आरसे होते, सगळे तिनेच टाचलेले. चहा पार निवून गेला.

शेवटी तिने दाताने धागा तोडला आणि ओढणी जोरात झटकली. मणी जागचा हलला नाही.

"तुमच्याबी घरात बाया आरसे टाचतात, भाऊ. आरशाला कुणी भोक पाडतं का? भवताली धागा घेतला की ऱ्हातो अंगावर," ती म्हणाली. "माझ्या पोरीला असं धरायचं तुमच्या पोराला जमत असंल, तर पुढचं बोला."